शाबूत फ्यूज

धक्का असा बसलाच नाही. बारा व्होल्टचा धक्का माणसाला बसत नसतो, हे लटारूनं तीस वर्षांत हजारेक ड्रायव्हरांना तरी सांगितलं असेल. ते ऐकून घेतात, माना डोलावतात आणि बॅटरीला हात लावायच्या आधी पायात घालायला चप्पल शोधतात. झालं ते इतकंच, की शेवटचा स्क्रू आवळताना पेचकस निसटला आणि ट्रकमध्ये बसवत असलेल्या कॅसेट-टेपची पत्र्याची पेटी आणि डॅशबोर्डचं लोखंड या दोघांना एकदमच टेकला. निळी ठिणगी फुटली. लटारूचं डोकं मागे स्टिअरिंगवर आदळलं. पेचकसाचं टोक तिथल्या तिथे चिकटून बसलं, आणि डाव्या हाताच्या चिमटीत टेपची काळी वायर होती ती आधी कोमट लागली, मग एकदम निखाऱ्यासारखी. "काढ! दसरू, काढ!" तो ओरडला. दसरू खाली फूटबोर्डवर, बॅटरीच्या पेटीशी उभा होता. काम संपेपर्यंत बॅटरीचा चिमटा आवळायचा नाही, नुसता वर ठेवायचा, ही लटारूची जुनी शिस्त. त्यामुळे दसरूनं एका हिसक्यात तो उपसला. केबिनमध्ये जळक्या प्लास्टिकचा वास आणि धुराची एक बारीक रेघ उरली. चंद्रपूरच्या मूल रोडवर, लटारूच्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानासमोर, भर सकाळी हे सगळं चार सेकंदांत आटोपलं, आणि समोरच्या हॉटेलात भजी तळणाऱ्यानं मान वर करूनही पाहिलं नाही.

लटारूनं बोट तोंडात घातलं. पेरावर वायरचं काळं प्लास्टिक चिकटलं होतं आणि त्याखाली कातडी भाजली होती. दसरू केबिनमध्ये डोकावला. हा एटापल्लीकडचा गोंड गडी, पस्तिशीचा, बांबूच्या गाडीवर ड्रायव्हर. बोलायचा कमी आणि बघायचा जास्त. त्यानं धुराकडे पाहिलं, चिकटलेल्या पेचकसाकडे पाहिलं, मग खाली दाराच्या खांबाशी पाहिलं. तिथे लाल वायरवर लटारूनं अर्ध्या तासापूर्वी मोठ्या ऐटीत काचेचा फ्यूज बसवला होता. काचेतली बारीक तार सरळ होती, चकचकीत होती, तिला कसलीच खबर नव्हती.

"भाऊ," दसरू म्हणाला, "फ्यूज तं उडाला नाई."

"नाई उडाला."

"तुमी म्हनलं होतं, काई बी झालं का आधी फ्यूज उडते."

"म्हनलं होतं."

"मंग काऊन नाई उडाला?"

लटारूच्या जिभेवर उत्तर तयार होतं. फ्यूज शाबूत, म्हणजे वायरिंग धड. हे वाक्य त्यानं आठ वर्षांत इतक्या वेळा म्हटलं होतं, की ते आपोआपच ओठांपर्यंत आलं आणि तिथे येऊन थांबलं. वायरिंग धड असती तर त्याचं बोट आत्ता तोंडात नसतं. तो तसाच, लहान पोरासारखा बोट चोखत, स्टिअरिंगखाली अर्धा आडवा पडून त्या चकचकीत तारेकडे बघत राहिला. भीती वाटायला हवी होती, ती अजून आली नव्हती. आधी नुसतं नवल आलं. दुकानात तीस वर्षं ओळखीच्या असलेल्या माणसानं एक दिवस आपलं दुसरंच नाव सांगावं, तसं काहीसं.

गाडी म्हणजे जुनं प्रकरण होतं. मिलिटरीच्या लिलावात निघालेली, विलायती बनावटीची. इंजिन दोनदा बदललेलं, नाकाड तेवढं मूळचं. मालकानं ती जंगलातल्या वाटांसाठी राखली होती, कारण नव्या गाड्या तिकडे रुसतात आणि ही म्हातारी रुसून रुसून आता कंटाळली होती. तिची एक खोड होती. आताच्या गाड्यांत बॅटरीचा मायनस बॉडीला बांधतात. गाडीचं सगळं लोखंड मायनस, आणि प्लस तेवढा तारांतून फिरतो. या जुन्या विलायती गाड्यांत सगळं उलटं. लोखंड प्लस, आणि तारांतून येतो तो मायनस. बाजारात मिळणारा टेप मात्र नव्या गाड्यांसाठी बनलेला. त्याची पत्र्याची पेटी आतून मायनसलाच जोडलेली. तो टेप या गाडीच्या लोखंडाला नुसता टेकला तरी भडका. जिल्ह्यातल्या निम्म्या इलेक्ट्रिशियनांनी हे न कळून गिऱ्हाइकांचे टेप जाळले होते, आणि ते जळके टेप मग लटारूकडेच आले होते. लटारूला ही खोड ठाऊक होती, आणि ठाऊक असल्याचा त्याला गर्व होता. टेपला ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळायचं. लाल वायर बॉडीला. काळी वायर बॅटरीकडून येणाऱ्या तारेला. आणि लाल वायरवर फ्यूज. "उलटी गाडी, उलटी वायरिंग," असं तो गिऱ्हाइकाला डोळा बारीक करून सांगायचा, आणि गिऱ्हाईक आपण मोठ्या डॉक्टराकडे आल्यासारखं गप्प बसायचं.

लाल वायरवर फ्यूज. हे त्याला नागपूरच्या गॅरेजात उस्तादानं शिकवलं होतं. तेव्हा लटारू एकवीस वर्षांचा होता, हातात पाना धरायचीही अक्कल नव्हती, आणि उस्ताद तोंडात पान धरून तीनच गोष्टी रोज सांगायचा, त्यातली ही दुसरी: "फ्यूज हमेशा लाल तार में. नींद में भी लाल तार में." लटारूनं ते झोपेतसुद्धा पाळलं. नवल याचं, की तो काही कोणी सांगितलं म्हणून मानणाऱ्या घरातला नव्हता. छप्पन साली वडलांबरोबर त्यानंही दीक्षा घेतली, तेव्हा घरातल्या कोनाड्यातले देव वडलांनी स्वतःच्या हातानं टोपलीत भरले आणि नदीला नेऊन सोडले. वडलांना अक्षर येत नव्हतं, पण दीक्षेतून त्यांनी एक गोष्ट घट्ट धरून आणली होती. रोज संध्याकाळी ती पोरांना सांगायचे: आता कोनी म्हनलं म्हनून मानाचं नाई, आधी काऊन म्हनून इचाराचं. लटारूनं विचारलं. भगताला विचारलं, मास्तरला विचारलं, पाटलाला विचारून एकदा मारही खाल्ला. आणि एवढ्या सगळ्यांना विचारून झाल्यावर एका लाल तारेला विचारायचं राहून गेलं.

"भाऊ, बोट दुखून राह्यलं का?" दसरूनं विचारलं.

"नाई. थांब जरा." तो उठून बसला. "करंट कुठून येते, सांग बरं."

दसरूनं हसून बॅटरीकडे बोट दाखवलं.

"थेथून कोन्या तारेनं टेपकडे येते?"

दसरू वाकला. बॅटरीकडून आलेल्या तारेवरून त्यानं बोट फिरवत नेलं, वळवलं, वर आणलं, आणि ते काळ्या वायरवर येऊन थांबलं. पुढचं त्याला कोणी विचारलं नाही, तरी त्यानं बोट पुढे नेलं: काळ्या वायरीतून टेपच्या पेटीत, पेटीतून चिकटलेल्या पेचकसावर, पेचकसावरून डॅशबोर्डच्या लोखंडात. लाल वायर बाजूला लोंबत होती. तिला त्यानं हात लावला नाही, कारण वाटेत ती लागलीच नाही.

"लाल तं वाटेत येतच नाई," दसरू म्हणाला.

किती सोपं होतं. एका एटापल्लीच्या माणसानं, ज्यानं आयुष्यात फ्यूज बदलला नव्हता, बोटानं चालून दाखवलं. या गाडीत लाल वायर म्हणजे फक्त परतीची वाट. करंट टेपमधून जाऊन शहाण्यासारखा घरी परतत असेल, तर तो लाल वायरीतून जाईल आणि फ्यूजला भेटेल. पण पेटीच लोखंडाला टेकली, तर तो मधूनच उडी मारून जाईल. काळी वायर लाल होईल, पेटेल, आजूबाजूचं सगळं जळेल, आणि फ्यूज आपला मागच्या दाराशी बसलेल्या चौकीदारासारखा इमानानं जागा राहील. कोणी आलंच नाही म्हणेल. खोटंही बोलणार नाही.

आणि आता मात्र भीती आली. तिच्याबरोबर एक नाव आलं. देवाजी.

देवाजी म्हणजे लटारूच्या बायकोचा, रंभाचा, धाकटा भाऊ, लटारूचा साळा. एकोणऐंशी साली तो याच मालकाच्या, अशाच जोडीच्या जुन्या गाडीवर ड्रायव्हर होता. गाण्याचा नाद असा, की गाडीत टेप नव्हता तेव्हा स्वतःच गायचा, आणि शेजारी बसलेले मजूर उतरून मागे बांबूवर जाऊन बसायचे. लटारूनं त्याला टेप बसवून दिला. जुन्या विलायती गाडीत टेप, तोही न जळता. त्या संध्याकाळी आख्खी गल्ली गाडीभोवती जमली होती आणि रंभानं भावावरून आणि नवऱ्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली होती. सात महिने टेप वाजला. मग एप्रिलात, एटापल्लीच्या अलीकडे, नाल्याच्या पुलाशी गाडी पेटली. वाळलेला बांबू, वर ऊन. पुढचं कोणाला सांगायला नको. देवाजी उडी मारून वाचला असता. पण तो गाडीसाठी परत आत गेला आणि डॅशबोर्डखाली हात घालून, तारांचा सगळा झुबका मुठीत धरून त्यानं ओढला. प्लास्टिक वितळून तळहातात गेलं. उजव्या हाताची दोन बोटं वाळल्या शेंगेसारखी आत वळली, ती कायमची.

लटारू तिसऱ्या दिवशी जळकी गाडी बघायला गेला होता. आता, स्टिअरिंगमागे बसून, त्याला तो वास आला; जळक्या बांबूचा गोडसर वास, आणि भोवती सगळीकडे मोहाची फुलं पडलेली. काही काम नसताना तो दोन तास राखेत हात घालत बसला होता. काय शोधत होता, हे त्याला ठाऊक होतं. खाली, दाराच्या खांबाशी, जिथे आग पोचली नव्हती, तिथे तो सापडला. काच काळवंडलेली. धोतराच्या सोग्यानं पुसली, उन्हात धरली. आत तार शाबूत. त्या क्षणी किती हलकं वाटलं होतं! पुलावर बसून तो रडला होता. लोकांना वाटलं, साळ्यासाठी रडतो आहे.

तो फ्यूज त्यानं सगळ्यांना दाखवला. मालकाला दाखवला, पंचनाम्याला आलेल्या जमादाराला दाखवला, रंभाला दाखवला. फ्यूज शाबूत, म्हणजे वायरिंग धड. आणि शेवटी दवाखान्यात खाटेवर पडलेल्या देवाजीला दाखवला. देवाजी म्हणत होता, "भाऊजी, तार तापली होती. धुपट आधी टेपमागून निंगालं." लटारू म्हणाला होता, "जळत्या केबिनीत काय तापत नाई, बापा?" आणि त्यानं फ्यूज त्याच्या डोळ्यांसमोर धरला होता, काचेतून खिडकीचा उजेड दिसेल असा. देवाजी खूप वेळ बघत राहिला. हाताला बांधलेल्या पट्टीतून पिवळं पाणी येत होतं. मग तो हळूच म्हणाला, "मंग माहीच बिडी असन."

आठ वर्षं लटारूनं हे वाक्य आठवलं नव्हतं असं नाही. आठवलं होतं, पण एखाद्या पावतीसारखं. साळा स्वतःच्या तोंडानं बोलला, विषय मिटला. आज पहिल्यांदा त्याला त्या वाक्यातला "मंग" ऐकू आला.

"दसरू," तो म्हणाला, "चिमटा पुन्हा ठेव. पाहू आपन."

"पुन्हा जळन ना, भाऊ!"

"जळू दे. पाहाचं हाय."

त्यानं जळकी काळी वायर कापून टाकली, नवी घेतली, लाल वायरवरचा फ्यूज काढून ठेवला आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर, काळ्या वायरवर, दुसरा फ्यूज बसवला. काम नेहमीपेक्षा नेटकं होत होतं. दसरूनं चिमटा ठेवला. लटारूनं पेचकस सोडवून घेतला होता. तोच पुन्हा हातात घेऊन, या वेळी समजून-उमजून, त्यानं टेपच्या पेटीला आणि डॅशबोर्डला एकदम टेकवला. टिक्. एवढाच आवाज. ठिणगीसुद्धा धड नाही. वायर गार. त्यानं फ्यूज काढून उन्हात धरला. मधली तार गेली होती आणि काचेवर आतून चंदेरी डाग पडला होता. लटारूला आनंद झाला. खरोखर झाला, उत्तर जुळल्यावर पाटी घेऊन बसलेल्या पोराला होतो तसला, कोरा. आणि लगेच त्या आनंदाची इतकी लाज वाटली की त्यानं दसरूकडे पाठ फिरवली.

मग दुपारपर्यंत दोघांनी मिळून ते काम नव्यानं केलं. रबराच्या भरवशावर आता त्याला राहायचं नव्हतं. जंगलातल्या रस्त्यानं रबर सहा-सात महिन्यांत घासून निघतं, हे आता त्याला कोणी सांगायला नको होतं. दुकानामागे सागवानाच्या फळ्या पडल्या होत्या. त्यानं त्यांची पेटी ठोकली, टेप तिच्यात बसवला, आणि पेटी डॅशबोर्डखाली अशी अडकवली की टेपच्या पत्र्याचा आणि गाडीच्या लोखंडाचा चार बोटांच्या आत कुठेच संबंध येऊ नये. स्पीकरसुद्धा लाकडावर घेतले. पत्र्यातून जिथे वायर आरपार जाते तिथल्या भोकाला रबरी कडं बसवलं, म्हणजे धार लागायची नाही. दसरू पकडू लागत होता आणि प्रत्येक गोष्टीला काऊन म्हणून विचारत होता, आणि लटारू प्रत्येकाला उत्तर देत होता. उत्तर देण्याआधी मात्र दर वेळी क्षणभर थांबून स्वतःलाही तेच विचारत होता.

शेवटी दसरूनं खिशातून कागदात गुंडाळलेली कॅसेट काढली. त्याच्या गावच्या बायांनी रेला म्हटला होता, नाचाची गाणी. शाळेतल्या मास्तरनं आपल्या टेपवर भरून दिली होती. बाया सुरू झाल्या. एक ओळ पुढच्यांनी म्हणायची, तीच मागच्यांनी उचलायची, आणि मधून कोंबडं आरवत होतं. दसरू केबिनमध्ये ताठ बसून ऐकत होता.

"थे मागून जाडा आवाज येते ना," तो म्हणाला, "थे माही बायको." मग थोड्या वेळानं, टेपकडेच बघत, "भाऊ, पेचकस नसता निसटला तं?"

"तं वाजला असता. पाच-सात महिने."

"आन मंग?"

लटारूनं पेचकस पुसून खिशात घातला. दसरूनं एकदा सागवानाच्या पेटीवरून हात फिरवला, आणि गाडी सुरू केली. कोपऱ्यावर वळेपर्यंत बायांचा आवाज येत होता.

दुकानात फळीवर बामची एक जुनी डबी होती. लटारूनं ती उघडली. कापसात तो काळवंडलेला, शाबूत फ्यूज आठ वर्षांपूर्वी ठेवला तसाच होता. त्याच्या शेजारी त्यानं आजचा उडालेला फ्यूज ठेवला आणि झाकण लावलं. रंभानं दिलेला जेवणाचा डबा खुंटीला तसाच टांगलेला होता. ही रंभा दर सणाला, दर बैठकीत, भाऊ समोर असो वा नसो, म्हणायची, "एका बिडीपायी माह्या भावानं सोन्यासारखी नोकरी घालवली." देवाजी ऐकून मान खाली घालायचा. मालकानं त्याला पुन्हा गाडी दिली नाही, कोणीच दिली नाही. वळलेल्या बोटांनी गिअर धरता येत नव्हता आणि गाडी पेटवणारा ड्रायव्हर म्हणून नाव झालं होतं ते वेगळंच. आता तो भद्रावतीला, बस स्टँडजवळच्या सायकल स्टँडवर टोकनं द्यायचा.

लटारूनं दुकानाला कुलूप लावलं आणि भद्रावतीची बस पकडली. खिडकीशी जागा मिळाली. कोळशाचे ट्रक समोरून येत होते, आणि प्रत्येकाच्या केबिनीत टेप वाजत होता. किमान चार तरी आपल्या हातचे असतील, असं त्याच्या मनात सवयीनं आलं, आणि नंतर आलं की त्यातला एखादा जुना, उलटा असला तर? तो मोजू लागला. आठ वर्षांत असल्या जुन्या गाड्या त्याच्याकडे सहा आल्या असतील, सात. सगळ्यांच्या लाल वायरवर फ्यूज. उद्यापासून एकेक शोधायला हवी. हे मनात आल्यावर त्याला बरं वाटलं, कारण ते काम होतं, आणि कामात लपता येतं. पण डबी मांडीवर होती. ही डबी खिडकीबाहेर टाकली तर जगात कोणाला काही कळणार नव्हतं. दसरूला एक सापडलेली चूक ठाऊक होती, जळलेली गाडी नाही. देवाजीनं स्वतःच कबूल केलं होतं. आणि बिडीनंच लागली नसेल कशावरून? लटारूनं हा प्रश्न मनात दोन-तीनदा फिरवून पाहिला. हाही काऊनच होता, पण पाय मोडलेला. उत्तर नको म्हणून विचारलेला. त्याला तो ओळखता आला, कारण आठ वर्षांपूर्वी राखेत बसून त्यानं तसलाच विचारला होता. आपण तिथे आग कशी लागली ते शोधत नव्हतो, आपण सुटायला बघत होतो. बस भद्रावतीच्या अलीकडे आली तेव्हा हे त्याला अगदी साध्या शब्दांत समजलं, आणि तो फार दमला.

"अरे, भाऊजी! या, या. बाई बरी हाय ना?" देवाजी स्टुलावरून उठला. थोरल्या बहिणीला, रंभाला, तो बाईच म्हणायचा. केस पांढरे झाले होते, पण गळा अजून मोकळा होता. पत्र्याची टोकनं तारेत ओवून त्यानं मनगटाला अडकवली होती आणि डाव्या हाताच्या बोटानं ती भराभर सरकवायचा. स्टँडच्या दारावर त्यानं स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती: बिडी ओढू नये. खाली वाळूची बादली. तेवढ्यात सायकल घ्यायला आलेला एक कामगार बोलता बोलता काडी ओढू लागला, तसा देवाजी ओरडला, "भाईर! भाईर जाऊन ओढा, राजेहो!" कामगार हसत बाहेर गेला. सायकल स्टँडवर काय पेटणार होतं, कोण जाणे. लटारूनं ही पाटी पूर्वी दहा वेळा पाहिली होती.

तो बाकावर बसला आणि त्यानं डबी उघडली. आधी काही प्रस्तावना करावी असं त्यानं बसमध्ये ठरवलं होतं, ती सगळी विसरली.

"थे आग बिडीनं नोती लागली, देवाजी," तो म्हणाला. "माह्या वायरिंगनं लागली."

देवाजी हसला. "काई तरी गोठ करता, भाऊजी. फ्यूज तं शाबूत होता."

"म्हनूनच." मग त्यानं सांगितलं. पेचकस सांगितला, बोट दाखवलं, दसरूचं बोट कुठून कुठे चाललं ते सांगितलं. देवाजीला कळत नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे. तेव्हा लटारू उठून स्टँडच्या पुढच्या दाराशी जाऊन उभा राहिला. "हे पाह्य. चोर इथून शिरला, सायकल घेतली, इथूनच पळाला. आन तुले म्या मागच्या दाराशी बसवलं होतं. मंग संध्याकाळी इचारलं, कोनी आलं होतं का? तू म्हनशीन, कोनी नाई. म्या सगळ्याईले सांगितलं, पाहा, चौकीदार म्हन्ते चोरी झालीच नाई." तो परत बाकाशी आला. "म्या तुले फसवलं नाई, देवाजी. मले खरंच वाटलं होतं. पन मले तसं वाटाले पाह्यजे होतं, म्हनून वाटलं. चूक माही हाय. तुहा हात माह्यानं गेला."

देवाजी बसला नाही. डाव्या हातानं त्यानं दोन्ही फ्यूज उचलले, एकेक करून उजेडात धरून पाहिले. जुना अधिक वेळ पाहिला. एक बाई टोकन द्यायला आली, त्यानं ते घेतलंही नाही. ती आपली सायकल काढून निघून गेली.

"मले आठवत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"बिडी. म्या इझवली होती, भाऊजी. पुलाच्या अलीकडं. मले चांगलं आठवत होतं. मंग तुमी थो फ्यूज दाखवला, तं मले वाटलं, आपल्यालेच बरोबर आठवत नसन. झोपेत का होतो म्या? आठ वर्सं झाली, रोज रात्री मी थो हात भाईर काढतो. रोज इझवतो. सकाळी उठून म्हन्तो, नाई, इझवली नसन."

लटारूला वाटलं होतं तो शिव्या देईल. त्यानं शिव्यांची तयारी केली होती, हात उगारला तर तोही खायची तयारी केली होती. याची केली नव्हती. आपण साळ्याचा हात घेतला, नोकरी घेतली, हे त्यानं बसमध्ये मोजलं होतं. पण माणसाला जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं, तेही आपण त्याच्याकडून काढून घेतलं, हे कुठल्याच मोजणीत आलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं आणि त्यानं ते पुसलं नाही.

"बाईले कोन सांगन?" देवाजीनं विचारलं.

"मीच सांगतो. आजच."

"सगळ्याईसमोर सांगजा. थे सगळ्याईसमोर बोलते मले."

"सगळ्याईसमोर सांगतो."

देवाजीनं मान हलवली. मग बाहेर उभ्या असलेल्या त्या कामगाराला हाक मारली, "ओ राजेहो, एक बिडी द्या." कामगारानं त्याच्याकडे, मग पाटीकडे पाहिलं, आणि दिली. देवाजी स्वतःही पाटीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. वळलेल्या बोटांच्या खाचेत त्यानं बिडी रोवली, कामगाराच्या काडीवर पेटवली, आणि पहिल्याच झुरक्याला इतका खोकला की डोळे लाल झाले. लटारू मागोमाग जाऊन उभा राहिला. देवाजीनं अजून दोन झुरके घेतले, सावकाश. मग त्यानं हात बाजूला लांब केला, गाडीच्या दाराबाहेर काढावा तसा, आणि स्टँडच्या पत्र्यावर बिडीचं तोंड दाबलं. उचललं, पुन्हा दाबलं, थोडं फिरवलं.

"अशी," तो म्हणाला. "अशी इझवली होती."

आणि त्यानं ती वळलेल्या बोटांच्या तळहातावर ठेवून लटारूसमोर धरली.

"हात लावून पाहा, भाऊजी. गार हाय का नाई?"

लटारूनं पोळलेलं बोटच लावून पाहिलं. गार होती.